खाज म्हणजे ॲलर्जीच, हे कुणी ठरवलं?

खाजेची तक्रार घेऊन येणारी बरीच मंडळी निदानही घरूनच घेऊन येतात. "डॉक्टर, अंगावर ॲलर्जी आलीय." कशाची, ते माहीत नसतं. वांगं बंद झालेलं असतं, तूरडाळ बंद झालेली असते, साबण दोनदा बदललेला असतो आणि मेडिकलमधून आणलेली ॲलर्जीच्या गोळ्यांची एक पट्टी संपून दुसरी सुरू झालेली असते. खाज मात्र आहे तिथेच.

माझं म्हणणं असं आहे की खाज ही एकच एक गोष्ट नाही. ती सुरू करणारी रसायनं वेगवेगळी असतात, ती ओळखणारी चेतातंतूंवरची प्रथिनं वेगवेगळी असतात आणि म्हणून औषधंही वेगवेगळी लागतात. ॲलर्जीची गोळी या सगळ्यांपैकी फक्त एका प्रथिनावर काम करते. तुमच्या खाजेत ते प्रथिन सामीलच नसेल, तर गोळी कितीही दिवस घ्या, हाती लागेल ती फक्त गुंगी. दरम्यान खरा आजार आपल्या गतीने पुढे सरकत असतो.

खाजेला आपण फारसं गांभीर्याने घेत नाही. भाषेतच बघा ना. एखादा नसत्या उचापती करायला लागला की "त्याला खाजच आहे" म्हणतो. तळहाताला खाज सुटली की पैसे येणार म्हणून खूश होतो. घरात कुणाच्या छातीत दुखलं की सगळे धावतात, अंगाला कंड सुटली म्हटलं की "आंघोळ कर नीट" एवढं सांगून मोकळे होतात. वैद्यकशास्त्रही यात फार मागे नव्हतं. सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये खाजेची व्याख्या केली, ती अशी की खाजवण्याची इच्छा निर्माण करणारी नकोशी संवेदना. व्याख्या चांगली आहे, आजही पुस्तकांत हीच सापडते. पण ही संवेदना येते कुठून, या प्रश्नाचं उत्तर पुढची तीनशेहून अधिक वर्षं धूसरच राहिलं.

बराच काळ असं मानलं जायचं की खाज म्हणजे सौम्य वेदना. चेतातंतू तेच, संदेश हळू गेला की खाज आणि जोरात गेला की दुखणं. ऐकायला हे पटतं. पण मग एक साधा प्रश्न उरतो. वेदना मारणाऱ्या औषधाने खाजही जायला हवी ना? प्रत्यक्षात उलटं होतं. सिझेरियनच्या वेळी पाठीतल्या इंजेक्शनमधून मॉर्फिन दिलं तर वेदना छान थांबते, पण पुष्कळ बायकांच्या नाकाला आणि चेहऱ्याला खाज सुटते. वेदना गेली आणि खाज आली. दोन्ही गोष्टी एकाच तारेवरून चालत असत्या तर असं झालं नसतं.

१९९७ मध्ये जर्मनी आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी जाग्या असलेल्या स्वयंसेवकांच्या पायातल्या चेतेत केसासारखी बारीक सुई ठेवून एकेका तंतूतले विजेचे संदेश ऐकले. त्वचेत हिस्टामिन सोडलं आणि त्या माणसांना विचारलं, खाज किती आहे? काही तंतू असे सापडले की त्यांची हालचाल आणि त्या माणसाला जाणवणारी खाज हातात हात घालून वाढत-उतरत होती. हे तंतू अतिशय बारीक आणि विलक्षण संथ. सेकंदाला साधारण अर्धा मीटर, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याहूनही हळू. टाचणी टोचली तर झटक्यात कळतं, पण डास चावल्यावर खाज जरा सावकाश उमलते, त्यात या संथपणाचाही वाटा आहे.

आता या तंतूंच्या टोकाशी काय असतं ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

चेतातंतूचं टोक त्वचेच्या अगदी वरच्या थरापर्यंत आलेलं असतं. त्या टोकाच्या आवरणात प्रथिनं रोवलेली असतात. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात, पण इथे प्रथिन म्हणजे एक बारीक यंत्र आहे असं समजा. काही प्रथिनं दाराच्या घंटीसारखी असतात. ठरावीक रसायन येऊन चिकटलं की वाजतात, दुसऱ्या रसायनाला दादच देत नाहीत. दुसऱ्या प्रकारची प्रथिनं म्हणजे खुद्द दार. घंटी वाजली की ते उघडतं, सोडियम आणि कॅल्शियमचे भारित कण आत शिरतात, तंतूत विजेची ठिणगी पडते आणि ती मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे निघते.

हिस्टामिनची जी घंटी आहे तिचं नाव एच-१. अंगावर पित्त उठतं, म्हणजे लाल गांधी येतात आणि काही तासांत विरून जातात, तेव्हा त्वचेतल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन ओतलेलं असतं आणि हीच घंटी वाजत असते. सिट्रिझिन, लिव्होसिट्रिझिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या त्या घंटीच्या बटणावर हात ठेवून बसतात. त्यामुळे पित्त उठण्यात त्या छान चालतात आणि तिथे त्या जरूर घ्याव्यात. आमसुलाचं पाणी अंगाला लावायलाही माझी हरकत नाही, गार लागतं आणि नुकसान काही नाही.

पण त्वचेतल्या बाकीच्या घंट्यांचं काय?

कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात फिरलेल्या प्रत्येकाला एक वेल माहीत असते, खाजकुइली. शेंगेवर सोनेरी-तपकिरी मखमल, आणि त्या मखमलीचा नुसता स्पर्श झाला तरी माणूस नाचायला लागतो. गंमत म्हणजे जगभरातल्या खाजेच्या प्रयोगशाळांत आपली ही खाजकुइली मानाचं स्थान मिळवून आहे. तिच्या लवेत म्युक्युनेन नावाचं एक विकर असतं. विकर म्हणजे इथे दुसरी प्रथिनं कापणारी कात्री. ही कात्री चेतातंतूंवरच्या पार-२ या प्रथिनाचं टोक छाटते आणि छाटलेलं टोकच ते प्रथिन चालू करतं. हिस्टामिन या खेळात कुठेच नाही. प्रयोगांत त्वचेतलं हिस्टामिनचं काम औषधाने आधी बंद केलं तरी खाजकुइलीची खाज सुटतेच. शिवाय तिचा संदेश घेऊन जाणारे तंतूही हिस्टामिनच्या तंतूंपेक्षा वेगळे असतात. (कधी लागलीच अंगाला, तर चोळू नका. चिकटपट्टी लावून लव उपटून काढा आणि मग धुवा. चोळलं की लव पसरते.)

हे खाजकुइलीपुरतं असतं तर मी ते तुम्हाला सांगत बसलो नसतो. पण अशाच कात्र्या घराघरांत आहेत. धुळीतल्या किड्यांच्या विष्ठेत आहेत. इसब झालेल्या त्वचेवर ठाण मांडून बसलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूकडे आहेत. २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवून दिलं की हा जिवाणू व्ही-८ नावाचं विकर सोडतो आणि ते थेट चेतातंतूंवरचं पार-१ हे प्रथिन चालू करून खाज सुरू करतं. त्याशिवाय इसबात आपल्याच रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-४, १३ आणि ३१ ही रसायनं सोडतात, आणि त्यांच्याही घंट्या चेतातंतूंवर बसवलेल्या आहेत. आता तुम्हीच सांगा, इसबाच्या बाळाला ॲलर्जीचं सिरप पाजून ही खाज कशी थांबावी? सिरपने बाळ झोपतं. आईला वाटतं गुण आला. त्वचा मात्र कोरडी आणि सुजलेलीच राहते, तिला हवं असतं दिवसातून दोन-तीनदा भरपूर मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मलम.

खाज आणि वेदना यांचं नातं उलगडणारा एक प्रयोग मला फार आवडतो. मलेरियासाठी क्लोरोक्विन घेतल्यावर काही जणांच्या अंगाला भयंकर खाज सुटते. आफ्रिकेत हा त्रास विशेष आढळतो आणि ॲलर्जीच्या गोळीने तो फारसा कमी होत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये याचं कारण शोधलं. क्लोरोक्विनची चेतातंतूंवर वेगळीच घंटी आहे, एमआरजी या प्रथिनांच्या कुटुंबातली. मग याच गटाने २०१३ मध्ये पुढची पायरी गाठली. मिरचीचा तिखटपणा ज्यामुळे जाणवतो तो कॅप्सेसिन हा पदार्थ टीआरपीव्ही-१ नावाचं दार उघडतो. हे दार शोधून काढलं डेव्हिड ज्युलियस यांनी, १९९७ मध्ये, आणि त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तर या संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात हे मिरचीचं दार फक्त क्लोरोक्विनची घंटी असलेल्या तंतूंवरच होतं, बाकी कुठेच नाही. उंदराच्या गालाला दुखलं तर तो पुढच्या पंजाने गाल पुसतो आणि खाज सुटली तर मागच्या पायाने खाजवतो. या उंदरांना मिरचीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांनी गाल पुसला नाही. ते खाजवत सुटले.

म्हणजे दार तेच, मिरची तीच, पण तंतू बदलला की मेंदूला वेदनेऐवजी खाज कळते. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतल्याच सेंट लुईसच्या संशोधकांना मज्जारज्जूत जीआरपीआर नावाचं प्रथिन सापडलं होतं. ते नसलेले उंदीर खाजवायचे कमी, वेदना मात्र त्यांना पूर्ववत कळायची. सौम्य वेदनेची कल्पना त्यानंतर फारशी कुणी मांडत नाही.

आता दवाखान्यात परत येऊ. या सगळ्या शास्त्राचा तुम्हाला उपयोग काय?

आठव्या महिन्यातली बाई. पुरळ नाही, गांधी नाहीत, पण तळहात आणि तळपाय रात्री असे खाजतात की झोप लागत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, पोट ताणलं की व्हायचंच, खोबरेल लाव. कुणीतरी हसून म्हणतं, लक्ष्मी येणार. ही खाज गरोदरपणात यकृतातून पित्ताचा निचरा नीट न झाल्यामुळे असू शकते. रक्तात पित्ताम्लं साठतात. पित्ताम्लांनी चालू होणारं एक प्रथिन माणसाच्या चेतातंतूंवर आहे, एमआरजीपीआरएक्स-४, हे २०१९ मध्ये कळलं. काविळीच्या आणि पित्त अडण्याच्या खाजेत एच-१ गोळी का लंगडी पडते, याचं कोडं त्यामुळे बरंच सुटलं. पण इथे प्रश्न फक्त खाजेचा नाही. रक्तातली पित्ताम्लं लिटरला १०० मायक्रोमोलच्या वर गेली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका वाढतो. गरोदरपणात पुरळाशिवाय तळहात-तळपाय खाजत असतील तर गोळी मागू नका, त्याच दिवशी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा आणि पित्ताम्लं व यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

दुसरी माणसं डायलिसिसवरची. आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडून घेणाऱ्या या मंडळींपैकी कितीतरी जणांना पाठीला, हातांना सतत खाज असते. ते सांगत नाहीत, कारण किडनीपुढे खाजेचं काय घेऊन बसायचं! आणि आपण डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाही. या खाजेत ॲलर्जीच्या गोळ्यांचा उपयोग तुटपुंजा असतो. चेतातंतूंची उत्तेजना कमी करणारं गाबापेंटिन, किडनीच्या मानाने अगदी कमी मात्रेत, पुष्कळांना आराम देतं. चेतातंतूंवर कॅपा नावाचं आणखी एक प्रथिन आहे, ते चालू केलं की खाज उलट शांत होते. त्यावरचं नाल्फुराफिन हे औषध जपानमध्ये २००९ पासून वापरात आहे आणि डायफेलिकेफालिन या इंजेक्शनला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल तर आज रात्री त्यांना एवढंच विचारा, खाजेने झोपमोड होते का?

आणि घरातले आजी-आजोबा. त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे, कारण गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान त्यांनाच होतं. म्हातारपणी त्वचा कोरडी होते, तेल धरून ठेवत नाही. शिवाय स्पर्श ओळखणाऱ्या मर्केल पेशी कमी होतात. या पेशी पिझो-२ या प्रथिनाच्या मदतीने स्पर्श ओळखतात आणि एरवी खाजेला लगामही घालतात. तो लगाम सुटला की हलका स्पर्शसुद्धा खाज सुरू करू शकतो, हे उंदरांमध्ये २०१८ मध्ये दिसलं. लोकरीचा स्वेटर किंवा स्टार्चची धोतरं आजोबांना का नकोशी होतात, ते यावरून ध्यानात यावं. आता या खाजेत हिस्टामिन कुठे आहे? नाही. तरी रोज रात्री क्लोरफेनिरामिन किंवा हायड्रॉक्सिझिन सुरू असतं. मग आजोबा रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतात. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी तुंबते. दिवसा विसराळूपणा वाढतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. माझं स्पष्ट मत आहे की सत्तरीपुढच्या माणसाला खाजेसाठी गुंगीची गोळी महिनोन्‌महिने देणं हा उपचार नव्हे. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, साबण फक्त काखा-जांघांना, आणि अंग ओलसर असतानाच मलमासारखं जाड मॉइश्चरायझर हे आधी दोन आठवडे करून पाहा. तरीही खाज थांबत नसेल तर रक्ततपासणी हवी, कारण थायरॉइड, यकृत, किडनी, लोहाची कमतरता आणि क्वचित रक्ताचे किंवा लसिकाग्रंथींचे कर्करोगसुद्धा सुरुवातीला नुसत्या खाजेच्या रूपात दिसू शकतात.

गजकर्णाची गोष्ट तर घरोघरची आहे. जांघेत गोल चट्टा, प्रचंड खाज. मेडिकलवाला एक ट्यूब देतो, तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. दोन दिवसांत खाज गायब! खाज गेली कारण स्टेरॉइडने सूज दाबली, घंट्या वाजवणारी रसायनं कमी झाली. बुरशीला मात्र मोकळं रान मिळालं. ती पसरते, चट्ट्याच्या कडा पुसट होतात, त्वचा पातळ होऊन तिच्यावर रेघा पडतात आणि मग महिनोन्‌महिने गोळ्या खाव्या लागतात. भारतात आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे आणि तिच्यातल्या पुष्कळ जातींवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही. नावातच इंडिया आहे, अभिमान वाटावा असं यात काही नाही. खाज हा निरोप होता. आपण निरोप्याचं तोंड दाबलं.

खरजेचंही तसंच. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, आणि घरात किंवा वसतिगृहाच्या खोलीत आणखी कुणीतरी खाजवतंय. ही ॲलर्जी नव्हे, हा त्वचेत बिळं करणारा किडा आहे. पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर लावायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. फक्त एकट्याने लावलं तर पैसे वाया.

कधी कधी तर त्वचेत काहीच बिघडलेलं नसतं, बिघाड तारेतच असतो. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला, हात पोहोचणार नाही नेमकं तिथे खाज सुटते. दाराच्या चौकटीला पाठ घासून घासून तिथे काळा डाग पडतो. मणक्यातून निघणारी चेता दबल्यामुळे हे होऊ शकतं. अशा वेळी बुरशीची मलमं लावून उपयोग नाही. कॅप्सेसिनचं मलम मात्र चालू शकतं, कारण मिरचीचं ते दार सतत उघडं ठेवलं की तंतू थकून गप्प बसतो. पहिले काही दिवस चांगलंच झोंबतं, हे आधी सांगितलेलं बरं.

आता खाजवण्याविषयी. "खाजवू नकोस!" हे वाक्य इसबाचं मूल दिवसातून किती वेळा ऐकत असेल? मला ते वाक्य आवडत नाही, कारण खाजवणं ही वाईट सवय नाही, ती मज्जारज्जूत बसवलेली प्रतिक्रिया आहे. खाजवल्यावर थोडी वेदना होते आणि ती वेदना मज्जारज्जूतच खाजेचा निरोप अडवते, म्हणून इतकं बरं वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांचं उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. खाजवल्यामुळे वेदनेच्या तंतूंतून सबस्टन्स-पी हे रसायन सुटतं, ते मास्ट पेशींना डिवचतं आणि सूज वाढते. गळ्यात कॉलर घालून उंदरांना खाजवू दिलं नाही तर सूज कमी राहिली. पण त्याच कामात असंही दिसलं की खाजवल्याने त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जिवाणू कमी झाले. म्हणजे निसर्गाने ही खोड अगदीच बिनकामाची दिलेली नाही. तरी महिनोन्‌महिने चाललेल्या खाजेत तोटाच जास्त, यात शंका नाही. मुलाला रागावण्याऐवजी नखं कापा, खाजणाऱ्या जागी तळहाताने दाबून धरायला शिकवा, ओला गार रुमाल ठेवा. थंडावा ओळखणारं प्रथिन, टीआरपीएम-८, चालू झालं की खाज उतरते. मेंथॉलच्या मलमाने गार वाटतं तेही याच प्रथिनामुळे, मात्र लहान बाळांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

याच्या उलट कडूनिंबाच्या पाल्याचं कडकडीत पाणी. क्षणभर स्वर्गसुख मिळतं, हे मान्य. ४३ अंशांच्या आसपास तेच मिरचीचं दार उष्णतेने उघडतं, भाजल्याची वेदना खाजेला दाबते, आणि तासाभरात कोरडी पडलेली त्वचा दुप्पट खाजते. पाला हवा तर घाला, पाणी कोमट ठेवा.

नव्या औषधांबद्दल मला वारंवार विचारलं जातं. इंटरल्यूकिन-४ आणि १३ च्या घंटीवर काम करणारं ड्युपिल्युमॅब २०१७ पासून आलं आहे. इंटरल्यूकिन-३१ च्या घंटीवरचं नेमोलिझुमॅब जपानमध्ये २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झालं. तीव्र इसबाच्या रुग्णांची झोप या औषधांनी परत आणली आहे. पण ती महाग आहेत आणि खाजेने त्रासलेल्या बहुतेकांना त्यांची गरज नाही. ज्यांच्या घरात खरूज आहे त्यांना इंजेक्शन नको, मलम नीट लावायला शिकवणारं कुणीतरी हवं. चेतातंतूंच्या या शास्त्राचा आपल्यासाठी सध्याचा सगळ्यात मोठा फायदा फुकट आहे. "खाजेवर काय घेऊ?" याऐवजी "ही खाज कुठली?" असं विचारता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा ॲलर्जी हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा. खाज कधी सुरू झाली, रात्री वाढते का, पुरळ आधी आलं की खाजवून खाजवून आलं, घरात आणखी कुणाला आहे का, लघवीचा-डोळ्यांचा रंग बदललाय का, वजन उतरलंय का, कुठलं नवं औषध सुरू झालंय का, हे सांगा. गांधी उठून जात असतील तर असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात येईपर्यंत त्या हमखास गेलेल्या असतात. आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या संपलेल्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, नाव पुसट झालेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन या.